थेंबमास्तर

आमच्या भाऊजींना अख्खा कारखाना थेंबमास्तर म्हणायचा. नाव मीच ठेवलं होतं, आणि कौतुकाने नव्हे, चिडून. मी वेल्डर. डोळ्यांवर काच ओढून, घामाने निथळत मी सांधा भरायचा, आणि मग या गृहस्थांनी यायचं, टाकीत पाणी भरायचं, दाब चढवायचा आणि हातात खडू घेऊन टाकीभोवती मांजरासारखं फिरत राहायचं. कुठे एक थेंब दिसला की त्याच्याभोवती खडूने गोल काढायचा. तो गोल म्हणजे माझ्या अब्रूचा पंचनामाच. "मेहुणे, जरा इकडे बघता का?" असं इतक्या गोड आवाजात म्हणायचे की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता मी त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ म्हणून एखादा थेंब पोटात घालावा की नाही? छे! उलट माझ्या सांध्यापाशी जरा जास्तच रेंगाळायचे.

काम तसं बघायला गेलं तर काहीच नाही. टाकी असो, बॉयलर असो, नाहीतर लांबलचक पाइपलाइन असो, काठोकाठ पाणी भरायचं. हवेचा एक बुडबुडासुद्धा आत ठेवायचा नाही. मग पंपाने दाब चढवायचा, वापरताना जेवढा असेल त्याच्याहून जास्त, आणि दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही, सांधे कोरडे राहिले, की माल पास. पाणीच का, हवा का नाही, असं मी नवा असताना विचारलं होतं. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "पाणी चिडलं तर भिजवतं. हवा चिडली तर घरी कळवायला माणूस पाठवावा लागतो."

त्या गेजसमोर ते स्टूल टाकून बसले की जगबुडी आली तरी उठायचे नाहीत. तपासणीला येणारे साहेब कंटाळून मोबाइल काढायचे, मालक चकरा मारायचे, मी तर सरळ एक डुलकी काढून घ्यायचो. भाऊजी मात्र काट्याकडे बघत बसलेले. दाब चढलेला असताना टाकीभोवती बांधलेल्या दोरीच्या आत कोणी पाऊल टाकलं तर मात्र हा शांत माणूस असा ओरडायचा की समोरच्याची बोबडी वळावी. एकदा खुद्द मालकांना हाकलून लावलं होतं. मालक मुकाट्याने मागे सरकले आणि नंतर सगळ्यांना हसत सांगत फिरले.

असा माणूस विसरायला लागला.

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. खडू कानाला अडकवून सगळीकडे खडू शोधायचे. हे काय कोणाचंही होतं. मग घरचा नळ बंद करून आले की पुन्हा उठून बंद करायला जायचे, मग पुन्हा. मग एका सुट्टीच्या दिवशी दाढीचं पातं आणायला बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. माझी ताई आणि मी शोधून शोधून दमलो. शेवटी सापडले ते बसच्या डेपोत, एका पाण्याच्या टाकीसमोर उभे. अगदी शांत. मला बघून म्हणाले, "ही गळतेय रे, कोणाला काळजीच नाही." गळत होती, खोटं कशाला बोलू. पण घरी कसं जायचं ते त्यांना आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. मला काही कळलं नाही, ताईला तेवढ्यात सगळं कळलं. "म्हणजे हे असंच वाढत जाणार," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "हो." बरं होईल असं म्हणाले नाहीत, औषध आहे असंही धड म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की सवयीच्या कामात असतील तोवर जरा सावरून राहतील. मला त्या डॉक्टरचा असा राग आला! जसं काही त्यानेच केलं होतं.

पण बोलला ते खरं निघालं. घरी भाऊजी म्हणजे पाहुणे होते. ताईला "अहो बाई" म्हणायचे. "अहो बाई, तुमच्याकडचे सगळे कुठे गेलेत?" असं विचारायचे, आणि ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबायची. कारखान्याच्या फाटकातून आत शिरले की मात्र तेच भाऊजी. पंप, गेज, खडू, सगळं जिथल्या तिथे. हात आपले आपण चालायचे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कामावरून परत आले की थोडा वेळ तरी तो माणूस शाबूत राहायचा. दारातूनच हाक मारायचे, "काय मुकादम, चहा मिळणार का?" मुकादम म्हणजे आमची ताई. लग्न झाल्यापासूनचं नाव तिचं, कारण ती सगळ्यांवर हुकूम सोडते. चहा पिता पिता दोघं बोलायची, भांडायची, माझी टिंगल करायची. मग हळूहळू भाऊजी पुन्हा कुठेतरी निघून जायचे, आणि ताई पुन्हा अहो बाई व्हायची.

त्या तेवढ्या वेळासाठी ताई दिवस काढत होती. तिने मला एकदा स्वच्छ सांगितलं, "अरे, मला बाकी काही नको. संध्याकाळचा नवरा तेवढा राहू दे."

म्हणून मी मालकांपुढे जाऊन उभा राहिलो. मालक काही वाईट माणूस नाही. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "राहू दे त्यांना. पण तू त्यांच्या पाठीला चिकटून राहायचं. प्रत्येक गोष्ट ते करतील, आणि मागून तू बघशील. एक चूक झाली तर मला हात वर करावे लागतील. दाबाचं काम आहे हे." मी म्हणालो, "काळजीच सोडा." मोठा आलो होतो काळजी सोडायला लावणारा!

बरेच दिवस निभलं. मी माझं वेल्डिंग त्यांच्या कामाच्या आगेमागे लावून घेतलं. ते वॉल्व्ह फिरवायचे, मी बघायचो. ते गेज बसवायचे, मी बघायचो. चूक म्हणाल तर एक नाही. उलट मला माझीच लाज वाटायला लागली होती, की वाघासारख्या माणसाच्या मागे मी राखणीला उभा. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. एकदा म्हणाले, "तू आजकाल सारखा माझ्या मागे मागे काय करतोस? ताईशी भांडलास का?"

मग ती टाकी आली. एका दूध डेअरीची, उभी, दोन मजली घराएवढी उंच, पातळ चकचकीत स्टीलची. भिंती पातळ, कारण तिच्यात दाब असा फारसा नसतोच, नुसतं दूध साठवायचं. भाऊजींनी सकाळपासून ती भरायला लावली. सगळी हवा वरच्या तोंडातून बाहेर काढली, तिथे गेज बसवलं, थोडासा दाब चढवला आणि स्टुलावर बसले. नंतर खडू घेऊन फिरले. माझ्या एका सांध्यापाशी बराच वेळ थांबले. मी श्वास रोखून उभा. बोट फिरवलं, बोट बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोरडा आहे," म्हणाले. "तब्येत बरी आहे ना तुझी?" सगळे हसले. साहेबांनी सही केली. टाकी पास.

आता राहिलं पाणी सोडणं. यात एक गोष्ट आहे, ती आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. खालून पाणी सोडायच्या आधी वरचं तोंड उघडं करायचं. पाणी बाहेर जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती आली नाही तर बाहेरची हवा टाकी आत दाबते, आणि पातळ पत्र्याची टाकी मग कागदाच्या पिशवीसारखी चुरगळते. आतून दाब सोसणारी टाकी अशी बाहेरून मार खाते. पाणी सगळं निघालं, आतून कोरडी झाली, की मग सगळ्यात शेवटी त्या तोंडावर रबर ठेवून, झाकण बसवून बोल्ट कसायचे, म्हणजे रस्त्यात धूळ जाणार नाही. आधी तोंड उघडा, मग पाणी सोडा, मग झाकण लावा. इतकं साधं.

भाऊजी शिडी चढले. मी मागे निघालो तर म्हणाले, "वर दोघांना उभं राहायला जागा नाही. खाली थांब." ते खरंच होतं, वर जेमतेम एका माणसाची जागा. शिवाय साहेब, मालक, फिटर, सगळ्यांसमोर म्हणाले. मी खाली थांबलो आणि मान वर करून बघत राहिलो. त्यांनी दाब उतरवला, गेज सोडलं, दोरीला बांधून खाली सोडलं. मी ते हातात घेतलं. म्हणजे तोंड उघडलं. माझ्या जिवात जीव आला. मग ते वर वाकून पान्याने काहीतरी करत राहिले. उरलेले बोल्ट सोडताहेत असं मला वाटलं. खालून बघितलं तर उघडणं आणि बंद करणं सारखंच दिसतं हो. तोच पाना, तोच वाकलेला माणूस.

हात सवयीचे. तोंड उघडल्यावर झाकण लावायचं, हे त्या हातांना पाठ होतं. मधलं पाणी सोडायचं तेवढं गळालं. रबर, झाकण, बोल्ट, सगळं नीट, एकेक कसून, अगदी त्यांच्या पद्धतीने.

खाली आले. हात पुसले. स्वतः जाऊन खालचा मोठा वॉल्व्ह उघडला. पाणी धबधबा सुटलं, गटारात पांढरा फेस झाला. मालक साहेबांना चहाला घेऊन निघाले. मी सुद्धा माझी केबल गुंडाळायला लागलो.

पाण्याचा आवाज बदलला. धबधब्याचं एकदम आचके देत येणं सुरू झालं, घशात काही अडकल्यासारखं.  मी वर बघितलं आणि टाकीच्या अंगावर, मधोमध, एक सावली उमटलेली दिसली. सावली नव्हती ती, पत्रा आत जात होता. मी बोंब मारली आणि वॉल्व्हकडे धावलो. मोठं चाक ते, झटकन बंद होतं थोडंच! मी जीव खाऊन फिरवतोय, फिरवतोय, आणि डोक्यावर ती टाकी कण्हायला लागली. मग एक दणका झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टाकीची एक बाजू पार आत गेलेली, मुठीत धरून आवळल्यासारखी. दिवसचे दिवस घालवून मी भरलेले सांधे वेडेवाकडे झालेले, पण एकही फुटला नव्हता. त्याचं काय करायचं आता!

 भाऊजी चालत टाकीपाशी गेले. चुरगळलेल्या पत्र्यावर हात ठेवला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"वरचं तोंड बंद आहे," ते म्हणाले. "कोणी बंद केलं?"

फिटर शिडी चढला. वरून म्हणाला, "झाकण आहे. बोल्टसुद्धा कसलेत." आणि मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो तिथेच वर बसून राहिला, खाली यायलाच तयार होईना.

"कोणी?" भाऊजी ओरडले. "पाणी आत असताना झाकण? ही काय चेष्टा आहे?" ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. एकेक जण मान खाली घालत होता. माझ्यापाशी आले. "तू होतास ना इथे? कोण चढलं होतं वर?"

 तुम्हीच, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ताई दिसली, चहाचं आधण ठेवून दाराकडे बघत असलेली. "मी नाही बघितलं भाऊजी," मी म्हणालो.

"कसं नाही बघितलं? डोळे आहेत का बटणं?" मग ते मालकांकडे वळले. आवाज एकदम खाली आला, कामाचा झाला. "मालक, एक सांगतो. जो कोणी असेल त्याला आजच्या आज काढा. हात जोडले, गयावया केली, पोरंबाळं पुढे केली, तरी ठेवू नका. आज टाकी गेली. उद्या दाब चढलेला असताना असं काही केलं तर माणूस जाईल. अशा माणसाला या कामावर एक दिवस ठेवायचा नाही."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग मला केबिनमध्ये बोलावलं. मी आत शिरल्या शिरल्या भांडायलाच सुरुवात केली. म्हटलं, वर जाताना मी सोबत जाईन, शिडी रुंद करून घेऊ, त्यांना नुसतं गेजसमोर बसवा, वॉल्व्हला हात लावू देऊ नका, नुसतं येऊ तरी द्या. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मागून तू बघशील असं ठरलं होतं," ते म्हणाले.

"बघतच होतो की मी!"

"तेच म्हणतोय मी," मालक म्हणाले. "आजही तू बघतच होतास."

  मालकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. राग करायला कोणीच सापडेना.

संध्याकाळी भाऊजी आपले आपण चालत माझ्याबरोबर घरी आले, वाटभर त्या अज्ञात गाढवाला शिव्या देत. दारातून ताईला हाक मारली, चहा मागितला, तिलाही सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली आणि मधूनच माझ्याकडे बघत राहिली. मी डोळ्यांनी भाऊजींकडेच खूण केली आणि मान हलवली, काम गेलं म्हणून. तिने कपात साखर घालायची ती कपाबाहेर घातली. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ शुद्धीत राहिले. रागाने असेल.

मी ताईच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतो. सकाळी गेलो तर भाऊजी तयार. शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, बूट घातलेले, खुर्चीत बसून माझी वाट बघत. मला वाटलं होतं रात्रीत विसरतील. सगळं विसरणारा माणूस नेमकं तेवढंच विसरला नव्हता.

"काढलं का त्याला?" मला बघताच विचारलं.

मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "काढलं."

"छान. कोण होता?"

ताई कधी त्यांच्याशी खोटं बोललेली मला माहीत नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अहो, ते तुमच्याच हातून झालं."

भाऊजी हसले. मग माझ्याकडे बघितलं, हा तिचा काहीतरी विनोद असेल म्हणून. मी हसलो नाही. त्यांचं हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, मग गेलं.

"गेज मी काढलं होतं ना?"

"काढलं होतंत. खाली सोडलंत, मी घेतलं."

"आणि झाकण?"

"ते पण तुम्हीच लावलंत, भाऊजी."

त्यांनी ताईच्या हातांतून हात सोडवून घेतले आणि उलटसुलट करून बघितले. कितीतरी वेळ. "तुला खालून कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही कळलं."

"नाहीच कळत खालून," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला, त्यांनी! मी तोंड फिरवून रडलो, लाज वाटली नाही. ते वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. "बरोबर केलं मालकांनी," म्हणाले. "त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

बूट काढून त्यांनी खुर्चीखाली ठेवले. ताई आत गेली. मी तिथेच बसून राहिलो, कामावर जायचं माझं धाडस होईना. थोड्या वेळाने भाऊजींनी खुर्चीखालचे बूट ओढले, घातले, नाड्या बांधल्या आणि उठून उभे राहिले. "चल रे, उशीर होतोय. त्या टाकीचं काय झालं ते बघायचंय. काढलं का त्या माणसाला?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. पुन्हा सांगायचं? पुन्हा ते हात बघणार, पुन्हा ते हसू जाणार? तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. माझ्यातही ताकद नव्हती.

"आज सुट्टी आहे भाऊजी," मी म्हणालो. "कारखाना बंद आहे."

"असं होय?" ते म्हणाले, आणि खुशीत बसले. खुर्चीतच मागे टेकले. मी सुटलो असं वाटून डबा उचलला आणि दाराकडे निघालो.

"मग तू कुठे चाललास?" भाऊजींनी विचारलं.

 तेव्हापासून मी मागच्या गल्लीने कामावर जातो.